बालरुग्ण कक्षात बदली झाली, आता शिकायचे कुठून?

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई, मी कोकणातील एका उपजिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. जीएनएम (परिचर्येची पदविका) होऊन चौदा वर्षे झाली. ही सगळी वर्षे स्त्री वैद्यकीय आणि शस्त्रक्रिया कक्षांत गेली. चार महिन्यांपूर्वी माझी बदली बालरुग्ण कक्षात झाली आणि तेव्हापासून प्रत्येक नाइट ड्युटीला जाताना छातीत धडधडते. मागील महिन्यात आठ किलो वजनाच्या एका बाळाला ‘पॅरासिटामॉल ५ मिली’ द्यायचे होते. सिरप संपले होते म्हणून मी ड्रॉप्सची बाटली घेतली आणि तेवढेच ५ मिली मोजले. बाळाची आजी म्हणाली, “एवढं? घरी तर आम्ही ड्रॉपरनं थोडंसंच देतो.” तेव्हा मी थांबले. हे मी अद्याप कोणाला सांगितलेले नाही. आता काही तरी शिकले पाहिजे असे तीव्रतेने वाटते. पोस्ट बेसिक बीएस्सी (पदविकेनंतरची परिचर्येची पदवी) करावे, की ऑनलाइन कोर्स करावेत, की सरळ बदली मागावी? अडतिसाव्या वर्षी हे सगळे जमेल का? – एक अधिपरिचारिका

उत्तर

प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मला त्या हिशेबातच सापडतील असे वाटले. आठ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या प्रमाणाने पॅरासिटामॉलची मात्रा १२० मिलिग्रॅम होते. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असणाऱ्या नेहमीच्या सिरपचे जेमतेम ५ मिलिलिटर म्हणजे ही मात्रा, त्यामुळे डॉक्टरांनी लिहिले ते त्या बाटलीपुरते बरोबर होते. ड्रॉप्समध्ये मात्र एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम औषध असते. त्यातून तुम्हाला १.२ मिलिलिटर द्यायचे होते आणि तुम्ही मोजलेल्या ५ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम होते, म्हणजे चौपटीहून अधिक. मोठ्यांच्या कक्षात हाच घोळ झाला असता, तर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी कोणाला फारशी जड गेली नसती. तुमची चौदा वर्षे वाया गेलेली नाहीत, परंतु त्या चौदा वर्षांत हाताला लागलेली एक सवय, म्हणजे मिलिलिटर वाचून औषध भरण्याची सवय, या कक्षात धोक्याची आहे, आणि ती मोडणे हे तुमचे पहिले प्रशिक्षण आहे. त्यासाठी कोणत्याही विद्यापीठात नाव घालावे लागत नाही.

म्हणून उद्यापासून दोन गोष्टींचा आग्रह धरा, असे मी अगदी ज्येष्ठपणाच्या अधिकाराने सांगते. प्रत्येक मुलाचे त्या दिवशीचे वजन किलोमध्ये केसपेपरच्या दर्शनी भागावर ठळक लिहिलेले असलेच पाहिजे. आईने सांगितलेले किंवा मागच्या वेळच्या कागदावरचे वजन चालणार नाही. दुसरे असे की, औषधाचा आदेश मिलिग्रॅममध्ये नसेल तर डॉक्टरांना नम्रपणे, पण न चुकता विचारा: “सर, किती मिलिग्रॅम?” पहिले काही दिवस कपाळाला आठ्या पडतील. पुढे तेच तसे लिहू लागतात, हे मी एकाहून अधिक रुग्णालयांत पाहिले आहे. शिरेतून द्यायच्या औषधांच्या बाबतीत तर दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्रपणे हिशेब करावा आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावरच सिरिंज उचलावी. तुमचा हिशेब तिने नुसता वाचून मान डोलावली, तर ती तपासणी नव्हे.

सलाइनचेही तसेच आहे. चौदा किलोच्या मुलाची दिवसभराची द्रवाची गरज मोजताना पहिल्या दहा किलोंसाठी किलोमागे १०० मिलिलिटर आणि पुढच्या चार किलोंसाठी किलोमागे ५० मिलिलिटर धरतात, म्हणजे १,००० अधिक २०० असे १,२०० मिलिलिटर, अर्थात तासाला ५०. मायक्रोड्रिप सेटमध्ये (बारीक थेंबांच्या सलाइनच्या नळीत) ६० थेंबांचा एक मिलिलिटर होत असल्यामुळे तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब, हा मेळ एकदा डोक्यात बसला की घड्याळ धरून थेंब मोजताना गोंधळ होत नाही. मुलाला किती द्रव द्यायचे ते डॉक्टरच ठरवतील, कारण जुलाब, मेंदूज्वर किंवा हृदयविकार असलेल्या मुलांचे गणित वेगळे असते. परंतु आदेश आणि तुमचा अंदाज यांच्यात मोठी तफावत दिसली, तर प्रश्न विचारण्याइतके गणित परिचारिकेला आलेच पाहिजे. रोज ड्युटी संपताना कक्षातील कोणत्याही एका मुलाचे एक औषध आणि एक सलाइन यांचा हिशेब वहीत करून पाहा. तीन महिन्यांत तुमचा हात बसेल, याची मला खात्री आहे.

आता त्याहून अवघड गोष्टीकडे वळते. मोजणे शिकता येते, पण पाहणे शिकायला वेळ लागतो, आणि बालरुग्ण परिचर्येचा खरा कस तिथेच लागतो. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. दम्याचा जोरदार झटका आलेला सहा वर्षांचा मुलगा रात्रभर शिट्टीसारखा आवाज करत, रडत, मास्क ओढून काढत होता. पहाटेच्या सुमारास तो एकाएकी शांत झाला. आवाज थांबला, रडणे थांबले आणि मला हायसे वाटले. मी दुसऱ्या खाटेकडे वळले होते. तेवढ्यात आमच्या इन्चार्ज सिस्टर आत आल्या, त्यांनी लांबूनच त्याच्याकडे पाहिले आणि धावल्या. त्याच्या छातीत हवाच शिरत नव्हती, म्हणून आवाज थांबला होता. तो थकून गळून चालला होता, म्हणून रडत नव्हता. तो मुलगा वाचला, पण तो माझ्यामुळे वाचला नाही. त्या दिवसापासून आजारी मूल अचानक ‘शहाण्यासारखे’ वागू लागले की मी आधी त्याच्या खाटेशी जाते.

मुलाचे शरीर बराच काळ तग धरते आणि मग फार झपाट्याने कोसळते. मोठ्या माणसात रक्तदाब उतरला की आपण सावध होतो. मुलात रक्तदाब सर्वांत शेवटी उतरतो. तोवर हृदय वेगाने धावून आणि हातापायांचे रक्त आत ओढून घेऊन तो सांभाळून धरते. त्यामुळे रक्तदाब ठीक आहे या आधारावर मूल ठीक आहे असे समजू नका. हात-पाय गार आहेत का, छातीच्या मध्यावर बोटाने दाबून सोडल्यावर त्वचेचा रंग परत यायला ३ सेकंदांहून जास्त लागतात का, लघवी शेवटची केव्हा झाली, मूल आईकडे पाहते का, हे पाहा. श्वास मोजताना मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण तान्ह्या बाळांचा श्वास मुळातच अनियमित असतो. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास, हे आकडे पाठ हवेत. ‘बाळाचं पोट उडतंय’ असे आई म्हणाली, तर तो शब्द नोंदवहीत जसाच्या तसा लिहा आणि लगेच उघड्या छातीकडे पाहा. छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर ती माउली तुम्हाला न्यूमोनियाचेच लक्षण सांगत असते.

तुम्ही कोकणात आहात, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. विंचूदंशाची मुले तुमच्याकडे येणार. लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरण्याची पद्धत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तुमच्याच भागात राहून, रुग्णांच्या उशाशी बसून रूढ केली, आणि तीमुळे कोकणातील कितीतरी मुलांचे प्राण वाचले आहेत. डॉक्टर औषधाची मात्रा लिहून देतील, पण पुढचे तास तुमचे असतात. घामाने डबडबलेले, गार पडलेले, अस्वस्थ मूल दिसले की दंशाची जागा किती दुखते यापेक्षा नाडी, श्वास आणि हातापायांची ऊब यांकडे लक्ष द्या. प्राझोसिन दिल्यानंतर मुलाला आडवेच ठेवायचे असते, कारण उठवले तर रक्तदाब एकदम उतरू शकतो. आणि रडणाऱ्या लेकराला कडेवर उचलून घेणे ही तर कोणत्याही आईची पहिली ओढ. तिला ते आधीच समजावून सांगणे, खाटेवर तिच्यासाठी जागा करून देणे आणि आडव्या मुलाला कसे कवेत घ्यायचे ते दाखवणे, हे काम औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

आता तुमच्या थेट प्रश्नाकडे येते. पोस्ट बेसिक बीएस्सी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चांगला आहे आणि पुढे पाठ्यनिर्देशिका (परिचर्या शिकवणारी शिक्षिका) व्हायचे असेल किंवा बालआरोग्य परिचर्येत एमएस्सी करायचे असेल, तर तो करावाच लागेल. अडतीस हे वय त्याला मुळीच आड येत नाही. परंतु तुमची आजची अडचण ही आजच्या कक्षातली आहे. त्या अभ्यासक्रमात बालआरोग्य हा अनेक विषयांपैकी एक विषय असतो, आणि दोन वर्षे कक्षापासून दूर राहून तुम्ही परताल तेव्हा तुमची नेमणूक कुठे होईल, हे तुमच्या हातात नसेल. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: आधी छोटी, कक्षाशी जोडलेली, हाताने करायची प्रशिक्षणे घ्या आणि पदवीचा विचार वर्षभराने करा.

सरकारी सेवेत असल्याचा मोठा लाभ असा की, यातील बरीच प्रशिक्षणे तुम्हाला विनाशुल्क मिळू शकतात. मात्र ती मागावी लागतात. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात काय करायचे ते शिकवते, आणि तुमच्या रुग्णालयात प्रसूती होत असतील तर ते सर्वांआधी घ्या. रुग्णालयाधारित नवजात शिशु परिचर्येच्या प्रशिक्षणात चार दिवसांच्या वर्गानंतर दोन आठवडे एखाद्या मोठ्या नवजात कक्षात निरीक्षणासाठी पाठवतात. तुमच्यासाठी मला त्या दोन आठवड्यांचे मोल सर्वाधिक वाटते. तिथे नुसते उभे राहू नका, हात पुढे करा: दूध काढायला आईला मदत करणे, वाटी-चमच्याने किंवा पळीने पाजणे, कांगारू पद्धतीने बाळ छातीशी बांधणे, रेडियंट वॉर्मरखालील बाळाचे तापमान राखणे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. अशी पेढी रोजच्या रोज चालते ती आईशेजारी बसून, तिचा संकोच दूर करून दूध काढायला शिकवणाऱ्या परिचारिकांच्या बळावर, हे तिथे किंवा अन्य कोणत्याही दुग्धपेढीत गेलात तर डोळ्यांनी पाहाल. मोठ्या बालकांसाठी एफ-आयएमएनसीआय (रुग्णालयात नवजात व बालकांच्या आजारांचे एकात्मिक व्यवस्थापन) हे अकरा दिवसांचे प्रशिक्षण आहे; त्यात जुलाब, न्यूमोनिया, ताप, तीव्र कुपोषण या तुमच्या रोजच्या आजारांचे पायरीपायरीने व्यवस्थापन शिकवतात.

या सर्वांखेरीज एक खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागला तरी करा, तो म्हणजे बालकांच्या जीवरक्षणाचा, अर्थात पीएएलएससारखा, अभ्यासक्रम. त्याचे प्रमाणपत्र दोन वर्षांनी संपते आणि ते योग्यच आहे, कारण न वापरलेले कौशल्य त्याच्याही आधी विसरते. म्हणूनच कक्षात आठवड्यातून एकदा, ओव्हर (पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवणे) झाल्यावर दहा मिनिटे, एका बाहुलीवर सराव ठेवा. दोघी जणी असाल तर १५ वेळा छाती दाबून २ श्वास. छाती दाबण्याची खोली तान्ह्या बाळात सुमारे ४ सेंटिमीटर, मोठ्या मुलात सुमारे ५. वेग मिनिटाला १०० ते १२०. त्याच दहा मिनिटांत योग्य मापाचे मास्क आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) ट्रॉलीत आहेत का, बॅग फाटलेली नाही ना, सक्शन चालते का, तेही पाहून होते. सरावाला मावशींना आणि मामांनाही बोलवा. रात्री दोन वाजता ऑक्सिजन सिलिंडर ओढून आणणारे तेच असतात. महिन्यातून एकदा याच वेळात आग लागल्यास कोणते बाळ कोण उचलणार आणि कोणत्या दाराने बाहेर काढणार, हे प्रत्यक्ष चालून पाहा. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून दहा बालके गेली. त्यानंतरही ज्या कक्षात हा सराव होत नाही, तिथल्या प्रत्येक आईला आपण उत्तर देणे लागतो.

ऑनलाइन अभ्यासाविषयी थोडक्यात सांगते. औषधशास्त्र, संसर्ग नियंत्रण, लसीकरण यांसारखे विषय घरी बसून उत्तम वाचता येतात आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना मान्यताप्राप्त कार्यक्रमांचा उपयोगही होतो. परंतु तान्ह्याची शीर शोधणे आणि मास्क चेहऱ्यावर नीट बसवणे पडद्यावर शिकता येत नाही. आणखी एक सावधगिरी बाळगा. ‘बालरुग्ण परिचर्या पदविका, सहा महिन्यांत’ अशा जाहिराती दिसतील. भारतीय परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत ती संस्था आणि तो अभ्यासक्रम दोन्ही आहेत, याची खात्री केल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. नवजात परिचर्येतील एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका ही परिषदेची आहे, आणि या कामात मन रमले तर पुढच्या वर्षी तुमच्यासाठी तीच मला पदवीपेक्षाही योग्य वाटते.

बदली मागू नका, असे मी सांगितले तर ते तुम्हाला कठोर वाटेल. तुमची धडधड मला कळते. पण जिची छाती धडधडते ती बाटली दुसऱ्यांदा वाचते, आणि अशी परिचारिका या कक्षात असणे मुलांच्या हिताचे आहे. उलट मी म्हणेन की, किमान तीन वर्षे याच कक्षात ठेवावे असा लेखी विनंती अर्ज अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) द्या. दोन आठवडे नवजात कक्षात शिकून आलेल्या सिस्टरला सहा महिन्यांत अपघात विभागात पाठवायचे आणि तिच्या जागी पुन्हा नवखी आणायची, हा प्रकार मी आयुष्यभर पाहिला आणि त्याचा मला आजही संताप येतो. त्यात सरकारचा पैसा वाया जातो आणि किंमत बाळे मोजतात. प्रशिक्षित परिचारिकांना अशा कक्षांतून हलवू नये, हीच राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचीही दिशा आहे, त्यामुळे अर्ज करताना संकोच नको. त्याच अर्जात वर सांगितलेल्या प्रशिक्षणांची नावे लिहा, आजवर बालआरोग्याचे एकही प्रशिक्षण मिळालेले नाही हे नमूद करा आणि पोच घेऊन प्रत जपून ठेवा. पुढच्या वेळी नावे मागवली जातील तेव्हा ‘कोणी मागितलेच नाही’ असे म्हणता येणार नाही.

शेवटी तुमच्या पत्रातील एका वाक्याकडे वळते: हे मी अद्याप कोणाला सांगितलेले नाही. भगिनी, ते सांगा. औषध बाळाच्या पोटात गेलेले नाही, म्हणजे लपवण्यासारखे काही घडलेले नाही. घडता घडता राहिले, एवढेच. परंतु ती सिरपची बाटली पुन्हा संपेल, तोच ५ मिलीचा आदेश पुन्हा लिहिला जाईल, आणि त्या रात्री तुमच्या जागी दुसरी सिस्टर असेल. तिच्याजवळ ती आजी असेलच असे नाही. तारीख, वेळ, वजन, आदेश, बाटलीवरील प्रमाण आणि तुम्ही मोजलेले औषध हे सारे एका पानावर कोणाचेही नाव न घेता लिहा आणि परिसेविकांना (कक्षाच्या इन्चार्ज सिस्टरना) दाखवा. त्या रागावल्या, तरी पान परत घेऊ नका. त्यांच्यासोबत कपाटापाशी जा, ड्रॉप्स आणि सिरप वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा, आणि ड्रॉप्सच्या कप्प्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: १ मिली म्हणजे १०० मिलिग्रॅम.